वारुळाचे गवंडी आणि विटा रचणारे रोबो : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वाळवीच्या वारुळावरून सुचलेल्या, थव्याने बांधकाम करणाऱ्या छोट्या रोबोंची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. लातूरच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रोबो बनवायचे आहेत, म्हणून त्यांच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : वारूळ बांधणाऱ्या वाळवीजवळ आराखडा नसतो असे तुम्ही लिहिलेत. मग आत खोल्या आणि बोगदे असलेले पुरुषभर उंचीचे घर उभे राहते कसे? राणी हुकूम देते का? (विज्ञान शिक्षिका, सातारा)

राणी हुकूम देत नाही. ती अंडी घालते. बांधकाम करतात कामकरी, आणि त्यांना बहुधा डोळेच नसतात. एक कामकरी ओल्या मातीचा कण तोंडात घेतो, लाळेत मळून त्याची गोळी करतो, कुठेतरी चिकटवतो आणि पुढे जातो. ही चिकटवलेली गोळीच दुसऱ्या कामकऱ्याला सांगते की पुढची गोळी इथे लाव. म्हणजे निरोप एकाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही, तो झालेल्या कामातून जातो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ प्येर-पॉल ग्रासे यांनी १९५९ साली याला ‘स्टिग्मर्जी’ हे नाव दिले. खूण आणि काम या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यात जोडलेले आहेत.

वर्गात सांगायला आपल्याकडचे सोपे उदाहरण आहे मळलेल्या पायवाटेचे. माळावरून पहिला माणूस जातो, गवत थोडे दबते. दुसऱ्याला तिथून जाणे सोपे वाटते, म्हणून तो तिथूनच जातो. महिन्याभरात वाट पडते. ती कोणी आखलेली नसते आणि चालणारे एकमेकांना भेटलेलेही नसतात.

एक दुरुस्ती मात्र मुलांना जरूर सांगा. ताज्या गोळीला विशिष्ट वास असतो आणि त्या वासावर खांब उभे राहतात, एवढेच स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत दिलेले असते. गेल्या काही वर्षांतल्या निरीक्षणांनी हे चित्र बदलले आहे. जिथे खणणे चालू असते तिथे कामकरी गोळा होतात आणि तिथेच मातीही जास्त पडते. पृष्ठभाग जिथे टोकदार वळतो तिथे गोळ्या जास्त चिकटवल्या जातात. अशा टोकांवरून पाणी लवकर उडते आणि तो ओलाव्यातला फरक कामकऱ्यांना जाणवतो, असे प्रयोगांत दिसले आहे. केवळ वासाने सगळे उलगडत नाही.

आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारी बरीच वारुळे ओडोंटोटर्मिस ओबेसस या जातीची असतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जीवशास्त्रज्ञ आणि स्थापत्य अभियंते यांनी मिळून या जातीच्या मातीकामाचा अभ्यास केला आहे. वाळवीने मळलेली माती भोवतालच्या त्याच मातीपेक्षा कित्येक पटींनी मजबूत असते, आणि गोळी वळायला मातीत ठरावीक ओलावा लागतो. पाया खणताना वारूळ लागले की कुदळ उडते हा मजुरांचा अनुभव यातून समजतो.

प्रश्न : वाळवी म्हणजे पांढरी मुंगीच ना? (इयत्ता आठवी, मालवण)

नाही. वाळवी झुरळांच्या कुळातली आहे. मुंगी ही गांधीलमाशी आणि मधमाशीची नातेवाईक. दोघींनी वसाहती करून राहणे स्वतंत्रपणे साधले आहे.

प्रश्न : हार्वर्डच्या रोबोंनी एकमेकांशी न बोलता किल्ल्यासारखी रचना बांधली असे वाचले. दोन रोबो समोरासमोर अडकत कसे नाहीत? चुकीच्या जागी वीट बसली तर? (स्थापत्य अभियंता, कोल्हापूर)

हा टर्मिस प्रकल्प. जस्टिन वर्फेल, कर्स्टिन पीटरसन आणि अमृतसरमध्ये वाढलेल्या राधिका नागपाल यांचे हे काम फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष प्रयोगात तीन रोबो होते.

आधी एक फरक ध्यानात घ्या. वाळवी ‘वारूळ’ बांधते, पण अमुक उंचीचे, अमुक खोल्यांचे वारूळ तिच्याकडून मागून घेता येत नाही. अभियंत्याला तर नेमका आकार हवा असतो. म्हणून या संशोधकांनी प्रश्न उलटा मांडला. हवा असलेला आकार संगणकाला द्यायचा आणि त्यातून प्रत्येक रोबोने पाळायचे नियम काढायचे. हे गणित काम सुरू होण्याआधीच होते. सगळ्या रोबोंना एकच नियमावली मिळते. त्यानंतर मुकादम नाही, आकाशातला कॅमेरा नाही, रेडिओ संदेशही नाहीत.

नियमावलीचा गाभा म्हणजे एकदिशा वाहतुकीचा नकाशा. रचनेवरच्या प्रत्येक चौकोनातून कोणत्या दिशेने पुढे जायचे ते ठरलेले असते. रोबो पहिल्या विटेपाशी चढतो, नकाशाप्रमाणे पुढे जातो, वीट ठेवतो, दुसऱ्या बाजूने उतरतो आणि बाहेरून वळसा घालून नवी वीट आणतो. घाटातल्या एकेरी रस्त्यासारखे आहे हे. समोरून कोणी येतच नाही, मग अडकणार कुठे? पुढच्या रोबोचे अंतर ध्वनिलहरींच्या सेन्सरने कळते, तेवढे थांबले की झाले. दोन फाटे आले तर रोबो कुठलाही निवडतो. त्यामुळे विटा बसण्याचा क्रम दरवेळी वेगळा होतो, शेवटची रचना मात्र तीच येते. मध्येच एक रोबो उचलून नेला तर काम फक्त हळू होते.

वीट ठेवण्याचे नियम यंत्राच्या मर्यादांतून आले आहेत. रोबो एका वेळी एकाच विटेची पायरी चढू किंवा उतरू शकतो. आधी बसलेल्या दोन विटांच्या मधल्या खाचेत तो तिसरी वीट घालू शकत नाही. त्यामुळे विटेएवढी खाच उरेल किंवा दोन विटांचा उभा कडा तयार होईल असा क्रम कधी येताच कामा नये. रोबो भोवतालच्या मोजक्या चौकोनांची उंची पाहतो आणि तेवढ्यावर ‘ठेवू की पुढे जाऊ’ हे ठरवतो. भिंतीचे काम दोन्ही टोकांकडून सुरू करून मध्ये अर्धी वीट तोडून बसवणे आपल्या गवंड्याला जमते. या रोबोला ते जमत नाही, म्हणून तशी वेळच येऊ द्यायची नाही.

आता वीट जवळून पाहू. ती २१.५ सेंमी लांब, तेवढीच रुंद आणि ४.५ सेंमी जाड, फोमची. रोबो १७.५ सेंमी लांब, ११ सेंमी रुंद. त्याचा कर्ण काढा : सुमारे २०.७ सेंमी. विटेच्या बाजूपेक्षा जेमतेम कमी. म्हणजे रोबो एका विटेवर उभा राहून जागच्या जागी वळू शकतो आणि शेजारच्या विटेला अडत नाही. चाके म्हणजे धाव काढून नुसते आरे ठेवलेले चाक. आरा पायरीच्या कडेवर पडतो आणि रोबो वर चढतो. विटांमध्ये लोहचुंबक असल्याने जवळ आणलेली वीट शेवटचे काही मिलिमीटर स्वतःच सरकून जागेवर बसते. विटांवर काळ्या-पांढऱ्या खुणा असतात, त्या पोटाखालच्या अवरक्त सेन्सरने वाचून रोबो आपली जागा ओळखतो.

या रोबोंबद्दल लिहिताना सगळे कौतुक नियमावलीचे होते आणि विटेला कोणी विचारत नाही. आमच्या मते निम्मी हुशारी विटेत आहे. रोबोची चूक पुढच्या विटेत साठत जाऊ नये याची काळजी चुंबक घेतात. एक अंशाने दिशा चुकली तर २० सेंमी अंतरावर वीट साडेतीन मिलिमीटर बाजूला जाते. चुंबक नसते तर पाचव्या-सहाव्या विटेला ओळंबा लावायची सोय राहिली नसती.

प्रश्न : आम्ही पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहोत. असे दोन-तीन रोबो बनवायचे आहेत. सुरुवात कुठून करू? (चार विद्यार्थी, लातूर)

पायऱ्या चढणारा रोबो पहिल्या वर्षी हाती घेऊ नका. चढणे आणि वीट उचलणे दोन्ही एकदम साधायला गेलात तर सगळे वर्ष चाकांतच जाईल. जमिनीवर एकाच थराची रचना घ्या. थव्याने बांधण्याचे खरे तत्त्व त्यातही पूर्ण कळते.

पहिला आठवडा फक्त चौकटीचा कागद आणि नाणी. मध्ये एक नाणे ठेवा, ती बीजवीट. तिच्यापासून उजवीकडे आणि वर तीन बाय तीनचा चौरस हा आराखडा. रोबो म्हणून एक सोंगटी घ्या. ती रचना डाव्या हाताला ठेवून कडेकडेने, एकेक घर पुढे जाईल. प्रत्येक घरात तिने विचारायचे : हे घर आराखड्यात आहे का? असेल, तर पुढच्या घरात वीट आहे का, किंवा डावीकडची भिंत इथेच संपते का, किंवा पुढचे घर आराखड्याबाहेर आहे का? या तिन्हींपैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले तर वीट इथे ठेवायची, नाहीतर पुढे जायचे.

खेळून पाहा. पहिल्या दोन विटा बीजविटेच्या उजवीकडे ओळीने बसतील. तिसरी वीट घेऊन सोंगटी वरच्या ओळीत उजवीकडून शिरेल, दोन घरे सोडून थेट डाव्या टोकाला जाईल आणि तिथे वीट ठेवेल. चौथी तिच्या उजवीकडे, पाचवी त्याच्या उजवीकडे. वरची तिसरी ओळही तशीच. बीजवीट सोडून आठ विटांत चौरस पुरा. आता नियम मोडून दुसऱ्या ओळीची दोन्ही टोके आधी भरा. मधले घर दोन विटांच्या कचाट्यात सापडेल आणि रोबोला तिथे वीट सरकवता येणार नाही. हे बोटांनी करून पाहिल्याशिवाय प्रोग्राम लिहायला बसू नका. आराखड्यात भोक नको, आणि इंग्रजी ‘यू’सारखा आकार घेतलात तर दोन बाहूंमध्ये एकाच घराची बोळ ठेवू नका, रोबो त्यात वळू शकणार नाही.

मैदान म्हणून २.४ मीटर चौरस फ्लेक्स छापून घ्या, त्यावर २० सेंमीची १२ बाय १२ घरे. रेघा घरांच्या कडेने न छापता घरांच्या मधोमध छापा, २ सेंमी जाड, काळ्या. मग रोबो रेघ धरून चालतो आणि रेघांचा प्रत्येक छेद म्हणजे एका घराचा मध्य होतो. फ्लेक्स मॅट हवा. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते आणि रेघेचे सेन्सर चकतात.

विटा एक्सपीएस फोमच्या करा, २० × २० × ४ सेंमी. साधा थर्माकोल झडतो आणि त्याचे दाणे चाकांत जातात. अशी वीट साधारण ५० ते ५५ ग्रॅम भरते. वीस विटा पुरेत. प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे विटेला आठ निओडायमियम चुंबक, १० मिमी व्यासाचे, ३ मिमी जाड. एकूण १६० लागतील, दहा-पंधरा जास्तीचे आणा. आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट : विटेकडे बाहेरून पाहताना प्रत्येक बाजूला डावीकडे उत्तर ध्रुव आणि उजवीकडे दक्षिण ध्रुव यायला हवा. चारही बाजूंना हाच क्रम ठेवला तर दोन विटा कशाही फिरवून समोरासमोर आणल्या तरी उत्तरासमोर दक्षिणच येतो. एक चुंबक उलटा चिकटला की ती वीट ढकलली जाते, आणि तुम्ही दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसता. म्हणून एका चुंबकावर मार्करने खूण करून तो मापाचा ठेवा आणि गोंद लावण्याआधी प्रत्येक चुंबक त्याला लावून तपासा. घरात लहान मुले असतील तर हे चुंबक कुलपात ठेवा. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याला भोक पडू शकते.

विटेच्या जाडीत आरपार दोन समांतर भोके पाडा, ६ मिमीची, एकमेकांपासून ८ सेंमीवर. रोबोच्या पुढे ३ मिमीच्या दोन पोलादी सळ्यांचा काटा, फोर्कलिफ्टसारखा. काटा भोकांत शिरतो, सर्व्हो मोटर तो ६० अंश वर उचलते आणि वीट घसरून रोबोच्या अंगाला टेकते, चालताना पडत नाही. ठेवताना काटा खाली करून रोबो मागे येतो, शेजारच्या विटेचे चुंबक नवी वीट धरून ठेवतात आणि सळ्या निघून येतात. भोके सळीपेक्षा मुद्दाम सैल ठेवली आहेत. शेवटचे दोन मिलिमीटर चुंबकाला वीट सरकवू द्यायची असते. घट्ट भोक केलेत तर चुंबक रोबोलाच ओढतील. वीट आणि सळ्या मिळून सर्व्होवर सुमारे ०.९ किलो-सेंमी भार येतो. एमजी९० जातीचा छोटा सर्व्हो याच्या दुप्पट पेलतो.

रोबो १५ × ११ सेंमीपेक्षा मोठा नको, म्हणजे कर्ण १८.६ सेंमी राहील. एका रोबोला लागेल ते असे : प्रोग्राम चालवणारा ईएसपी३२ बोर्ड, चाक किती फिरले ते मोजणारे एन्कोडर असलेल्या, मिनिटाला १०० फेऱ्यांच्या दोन एन२० मोटरी, टीबी६६१२ मोटर ड्रायव्हर, पोटाखाली रेघ पाहणारे पाच टीसीआरटी५००० सेन्सर (डिजिटल आउटपुटचे), ४ ते ३० सेंमी टप्प्याचे तीन शार्प अंतरमापक, दुसरा रोबो दिसण्यासाठी विटेपेक्षा वर बसवलेला एक अल्ट्रासोनिक सेन्सर, एक सर्व्हो, १८६५०च्या दोन सेल एकापुढे एक जोडून, आणि बॅटरीचे व्होल्टेज ५ व्होल्टवर उतरवणारा बक कन्व्हर्टर. सेल मागच्या बाजूला बसवा, पुढे विटेचे वजन आहे.

आता काय बिघडते ते. बाजारात सहज मिळतो म्हणून एल२९८ ड्रायव्हर घेऊ नका, तो जवळजवळ दोन व्होल्ट स्वतःच खातो. सर्व्हो उचलायला लागताच बोर्ड रीसेट होत असेल तर व्होल्टेज पडते आहे. सर्व्होला वेगळा कन्व्हर्टर द्या आणि त्याच्या तारांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. शार्पचे सेन्सर ३२ ते ३९ क्रमांकाच्या पिनांवरच घ्या, वायफाय चालू असताना बाकीच्या अॅनालॉग पिना वाचता येत नाहीत. याच सेन्सरची आणखी एक खोड : ४ सेंमीपेक्षा जवळची वस्तू त्याला दूरची भासते. तुमच्या रोबोची बाजू आणि शेजारची वीट यांत साडेचार सेंमीच अंतर उरते, म्हणून डावीकडे पाहणारा सेन्सर डाव्या कडेला न लावता तीन-चार सेंमी आत बसवा. अल्ट्रासोनिकचा परतीचा सिग्नल ५ व्होल्टचा असतो, तो १ आणि २ किलोओहमच्या विभाजकातून ३.३ व्होल्टवर आणा. तीन रोबो एकत्र सोडले की एकाचा आवाज दुसरा ऐकतो आणि नसलेली भिंत दिसू लागते. प्रत्येकाने ६० ते १०० मिलिसेकंदांमध्ये सोडतीने वेळ निवडून आवाज सोडावा आणि तीन वाचनांतले मधले घ्यावे. बॅटरी उतरली की तेवढ्याच सेकंदांत वळण कमी होते, म्हणून वेळ मोजून वळवू नका, एन्कोडर मोजा आणि वळल्यावर रेघ सापडेपर्यंत थांबा. खिडकीतून ऊन येत असेल तर पडदे लावा, उन्हात अवरक्त सेन्सर आंधळे होतात.

एक रोबो सलग तीन वेळा चौरस पुरा करेपर्यंत दुसरा जोडू नका. प्रत्येक रोबोने बीजविटेजवळून गेल्यावरच घरे मोजायला सुरुवात करावी आणि प्रत्येक फेरीत तिथे मोजणी शून्यावर आणावी. एखादा छेद निसटला तरी चूक एका फेरीपुरतीच राहते. दोन रोबोंत ४० सेंमी अंतर राखा. नव्या विटा मैदानाच्या एका ठरलेल्या घरात तुम्हीच हाताने ठेवत जा, त्याची लाज वाटू देऊ नका.

प्रश्न : रोबो दुप्पट केले तर काम निम्म्या वेळात होईल का? (निवृत्त मुख्याध्यापक, चिपळूण)

सुरुवातीला जवळपास तसे होते, मग नाही. चढायला एकच पायरी असेल तर सगळे तिथे रांगेत उभे राहतात. एका वाफ्यात दहा खुरपी उतरली की होते तेच.

मुंग्यांनी यावर उपाय काढला आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत फायर अँट मुंग्यांचे बोगदे खणणे मोजले गेले आणि २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. सुमारे ३० टक्के मुंग्या ७० टक्के काम करत होत्या. बाकीच्या बऱ्याच वेळा बोगद्याच्या तोंडाशी येऊन, गर्दी पाहून, काहीही न घेता परत जात. हा आळस नव्हे, त्यामुळेच अरुंद बोगदा मोकळा राहतो. तीच सवय खणणाऱ्या रोबोंना लावल्यावर त्यांचीही कोंडी सुटली. लातूरच्या मंडळींनी हे करून पाहावे : पुढचा रोबो दहा सेकंद हलला नाही तर मागच्याने वळून लांबचा फेरा घ्यायचा.

संख्येचे दुसरे टोक म्हणजे हार्वर्डचेच किलोबॉट, २०१४. नाण्याएवढे, ३३ मिमी व्यासाचे १०२४ रोबो, चाके नसलेले, थरथरत सरकणारे. ते स्वतःच रांगेने येऊन तारा किंवा इंग्रजी ‘के’ अक्षर बनवत, आणि एका आकाराला सुमारे १२ तास लागत. इथे वीट म्हणजे रोबोच. संख्या हजारावर गेली तरी नियम बदलावे लागले नाहीत, हे त्या प्रयोगाचे मोल.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आले. असे रोबो वाळूच्या पोत्यांचा बांध घालू शकतील का? (गृहिणी, सांगली)

टर्मिसच्या संशोधकांनी स्वतःच हा उपयोग सुचवला होता, आणि विचार योग्य आहे. पाणी चढत असताना माणसांना तिथे उभे करण्यात जिवाचा धोका असतो. पण आजच्या घडीला हिशेब जुळत नाही, तो करूनच दाखवतो.

पोत्यांचा बांध उभ्या भिंतीसारखा टिकत नाही. तळाची रुंदी उंचीच्या साधारण तिप्पट लागते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ३० मीटर लांब, १ मीटर उंच बांध धरू. आयतन भरते ४५ घनमीटर. २० किलोच्या पोत्याचे ०.०१२५ घनमीटर धरले तर ३६०० पोती. एक रोबो पाच मिनिटांत एक पोते आणून ठेवतो असे मानले तर दहा रोबोंना ३० तास लागतील, तेही रांग अजिबात न लागता. हातोहात पोती देणारी माणसांची साखळी याच्या कितीतरी आधी काम संपवते.

दुसरी अडचण पोत्याची. फोमची वीट प्रत्येक वेळी सारखीच बसते. पोते अर्धे ते दोन-तृतीयांश भरलेले, लोळागोळा, ओले, आणि दरवेळी वेगळे पसरते. त्यावर चढणाऱ्या रोबोला पुढची पायरी चार सेंमीची की बारा सेंमीची हे आधी कळत नाही. पोत्यांची तोंडे दुमडून, सांधे चुकवून, पायाने दाबून बसवावी लागतात. हे दाबणे राहिले तर पाणी सांध्यांतून झिरपते.

पाणी आणि मातीच्या बाबतीत जास्त जवळ आलेला रोबो वेगळा आहे. हार्वर्डच्याच गटाने रोमू नावाचा एक रोबो केला. तो पत्र्याच्या एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या स्वतःचे वजन आणि कंपन वापरून जमिनीत रोवत जातो, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या खाचेत. वाळूची धूप अडवण्यासाठी तो आहे. कोकण किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचे दगड वाहून जाताना पाहिले की या दिशेच्या कामाकडे लक्ष ठेवावेसे वाटते. मात्र तोही अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. पुढच्या पावसाळ्यासाठी रिकामी पोती, वाळूची जागा आणि कोण कुठे उभे राहणार हे मे महिन्यातच ठरवून ठेवा.

प्रश्न : ड्रोनने भिंत बांधल्याचा व्हिडिओ आला होता. माझ्याकडे बारा गवंडी आहेत. त्यांनी काळजी करावी का? (बांधकाम ठेकेदार, नाशिक)

असे दोन प्रयोग गाजले, त्यातला कोणता तुम्ही पाहिलात ते पत्रात नाही, म्हणून दोन्ही सांगतो. पहिला फ्रान्समध्ये ओर्लेआँ येथे, २०११च्या डिसेंबरात सुरू झालेला : चार ड्रोननी १५०० फोमचे ठोकळे रचून ६ मीटर उंच मनोरा केला. दिसायला देखणा, पण प्रत्येक ड्रोनची जागा खोलीतले कॅमेरे सांगत होते. म्हणजे तो खरा थवा नव्हता, वरून चालवलेले पथक होते.

दुसरा लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या नेतृत्वाखाली झालेला, २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला. मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरून सुचलेला. त्यात दोन जातीचे ड्रोन होते : एक माल थरावर थर सोडत उडणारे, दुसरे बसलेला थर मोजून पुढचा थर कसा द्यायचा ते ठरवणारे. लवकर फुगून घट्ट होणाऱ्या फोमचा २.०५ मीटर उंच गोल त्यांनी ७२ थरांत उभा केला, अचूकता ५ मिलिमीटरच्या आत. पण सिमेंटच्या मालाचा गोल किती उंच झाला ते पाहा : २८ थर, १८ सेंमी.

या दोन आकड्यांमध्ये तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. फोम हलका असतो आणि नळीतून निघताच धरतो. सिमेंटचा माल जड. तो नळीतून वाहायला पातळ हवा आणि बाहेर पडताच उभा राहायला घट्ट हवा. पातळ ठेवला तर खालचा थर वरच्याच्या वजनाने बसतो, घट्ट ठेवला तर नळी तुंबते. वर, ड्रोनची बॅटरी काही मिनिटांत उतरते आणि पंख्यांचा वारा ताज्या थरावरच येतो. विटेचा विचार केला तर, आपली भाजलेली वीट एकसारखी नसते. तुमचा गवंडी ती हातात घेताच कुठे फुगली, कुठे वाकली हे पाहतो आणि थापीवरचा माल तेवढा कमी-जास्त घेतो. सुतात आणि ओळंब्यात भिंत राहते ती या सांध्यामुळे. आतापर्यंतच्या प्रत्येक थव्याने हा सांधाच टाळला आहे, चुंबक, फोम किंवा खटका वापरून.

अशा खटक्याच्या ठोकळ्यांचे काम नासाने पुढे नेले आहे. आर्माडास प्रकल्पात तीन रोबोंनी जाळीदार, हलके ठोकळे जोडून निवाऱ्याएवढी रचना सुमारे शंभर तासांत केली. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ते चंद्रावरच्या कामासाठी आहे, जिथे गवंडी नेणेच सगळ्यांत महाग.

तेव्हा बारा जणांना या थव्यांपासून आज धोका नाही. साइटवर आधी पोहोचण्याची शक्यता मोजणाऱ्या ड्रोनची आहे. भिंत सुतात आहे की नाही, स्लॅबची पातळी कुठे चुकली हे दाखवणाऱ्या. दोन तरुण गवंड्यांना लेसर लेव्हल वापरायला आणि टॅबवर नकाशा वाचायला शिकवून ठेवा.